वारसा आणि हात : वाकणकरांच्या चित्रकलेचा एक विचार

प्राचीन वारशाशी आधुनिक कलावंताने कोणते नाते जोडावे, हा प्रश्न गेल्या शतकात प्रत्येक जुन्या देशाला पडला आहे. ज्या देशाच्या गाठीशी इतिहास थोडा, तेथील कलावंताची यातून सहज सुटका होते. पण ज्याच्या दाराशी पिरॅमिड उभे आहेत, किंवा ज्याच्या गावामागील टेकडीत हजारो वर्षांपूर्वीचे हरीण अद्याप धावते आहे, त्याला या पूर्वजांकडे पाठ फिरवून चालत नाही आणि त्यांच्याकडे नुसते पाहत बसूनही भागत नाही. पाठ फिरवली तर तो परक्यांचा अनुयायी ठरतो. पाहतच बसला तर जुन्या आकृत्या उसन्या घेणारा कारागीर ठरतो. या दोन संकटांमधून वाट काढणारे कलावंत थोडे आहेत. त्यांपैकी इजिप्तमधील दोघांचा प्रथम परामर्श घेऊन मग भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या भीमबेटकाच्या टेकडीकडे, आणि तिच्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या विष्णु श्रीधर वाकणकरांकडे वळावयाचे आहे. वाकणकरांचा विचार पुरातत्त्वज्ञ म्हणून पुष्कळ झाला. चित्रकार म्हणून तो व्हावा तसा झालेला नाही. इजिप्तचे उदाहरण समोर ठेवले असता तो अधिक नेमकेपणाने करता येईल, असे वाटते.

इजिप्तच्या आधुनिक शिल्पकलेचा आरंभ महमूद मुख्तार (१८९१–१९३४) यांच्यापासून होतो. कैरो येथे १९०८ मध्ये ललितकलेची शाळा निघाली, तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक; पुढील शिक्षण पॅरिसमध्ये झाले. ‘इजिप्तची जागृती’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध शिल्प १९२८ मध्ये कैरोच्या रेल्वे स्थानकासमोर उभे राहिले आणि १९५५ मध्ये तेथून हलवून गीझा येथे विद्यापीठाच्या वाटेवर नेण्यात आले. पुढच्या पायांवर उठू पाहणारा स्फिंक्स आणि त्याच्या मस्तकावर हात ठेवून दुसऱ्या हाताने चेहऱ्यावरील पडदा दूर करणारी शेतकरी स्त्री, अशी त्याची रचना आहे. हजारो वर्षे बसून राहिलेला प्राणी उठतो आहे आणि आजची स्त्री जगाकडे उघड्या डोळ्यांनी पाहते आहे, हा अर्थ लहान मुलालाही कळावा इतका स्पष्ट आहे. स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या राष्ट्राला अशा स्पष्टतेची गरज असते, हे आपण भारतीयांना वेगळे सांगावयास नको. तथापि येथे वारसा हा प्रामुख्याने घोषणेच्या स्वरूपात आला आहे. स्फिंक्स ओळखता येतो म्हणूनच शिल्प बोलते. त्याची ओळख पुसली तर शिल्पाचे निम्मे बोलणे संपेल.

मुख्तारांनंतर दोन पिढ्यांनी आलेल्या आदम हनैन (१९२९–२०२०) यांचा मार्ग निराळा होता. धातुकाम करणाऱ्या घराण्यात जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर कैरोच्या पुराणवस्तुसंग्रहालयात गेला आणि आपण काय करावयाचे हे त्याला तेथे कळले. कैरोच्या कलाशाळेतून ते १९५३ मध्ये बाहेर पडले. १९७१ पासून सुमारे २५ वर्षे पॅरिसमध्ये राहूनही त्यांनी आपल्या दगडाची भाषा सोडली नाही. त्यांचे पक्षी, मांजरे, गाढवे पाहिली तर त्यांत प्राचीन इजिप्तचे एकही चिन्ह उसने घेतलेले दिसत नाही. तरीही ती पाहताच नाईलच्या काठची वाटतात, ती का? प्राचीन इजिप्तच्या शिल्पकाराने ग्रॅनाइटसारख्या कठीण पाषाणाशी एक करार केला होता. अवयव बाहेर काढावयाचे नाहीत, पोकळ्या पाडावयाच्या नाहीत, शिळेचा पिंड शक्य तितका अखंड ठेवावयाचा आणि जिवंतपणा केवळ बाह्यरेषेच्या ताणातून आणावयाचा. हनैन यांनी हा करार पाळला. चित्रकार म्हणूनही त्यांनी पपायरसवर नैसर्गिक रंग आणि बाभळीच्या जातीचा डिंक वापरून काम केले. जुन्या माध्यमाचा खरखरीतपणा हाताला जे शिकवतो ते दुसऱ्या कशाने शिकता येत नाही, अशी त्यांची श्रद्धा असली पाहिजे. पुढे १९८९ ते १९९८ या काळात गीझाच्या स्फिंक्सच्या जीर्णोद्धाराच्या कामात त्यांनी भाग घेतला, आणि १९९६ मध्ये असवान येथे, जेथून प्राचीनांनी ग्रॅनाइट काढला त्याच ठिकाणी, पाषाणशिल्पींचे आंतरराष्ट्रीय संमेलन सुरू केले. ज्या गुरूकडून विद्या घेतली त्याच्या झिजलेल्या देहाची शुश्रूषा करण्याचे भाग्य फार थोड्या शिष्यांना लाभते.

मुख्तारांनी वारशाचे चिन्ह घेतले, हनैन यांनी वारशाची शिस्त घेतली. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे. परंतु दोघांनाही एक मोठी सोय होती, ती विसरता कामा नये. त्यांचे पूर्वज नावानिशी ओळखीचे होते. १८२२ मध्ये शांपोल्याँने चित्रलिपी उलगडली, तेव्हापासून पुतळा कोणत्या राजाचा, कोणत्या काळाचा आणि कशासाठी घडवला, हे बहुधा त्याच्या अंगावरच वाचता येते. ज्याचे नाव नाही, भाषा ठाऊक नाही, ज्याचा हेतू कळण्याचा मार्ग नाही, अशा पूर्वजाशी कलावंताने नाते कसे जोडावे? हा अधिक कठीण प्रश्न आमच्या विंध्याद्रीच्या कुशीत उभा आहे.

भीमबेटका, अर्थात भीमाची बैठक, हे नाव लोकांनी दिले आहे. प्रचंड वालुकाश्माच्या त्या शिळा पाहून पांडवांपैकी सर्वांत दांडग्या पुरुषाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. १८८८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे या स्थळाचा उल्लेख केला, तो बौद्ध स्थळ म्हणून. एकाने महाकाव्यातील वीराचे नाव दिले, दुसऱ्याने जवळच्या सांचीवरून अनुमान केले. दोघांनीही टेकडीवर आपल्या ओळखीचे नाव ठेवले आणि भिंतीवरील रेषा होत्या तशाच राहिल्या. १९५७ मध्ये वाकणकर तेथे पोहोचले. रेल्वेतून जाताना दूरच्या टेकड्यांचे आकार त्यांच्या नजरेस पडले आणि ते पायी त्यांच्या शोधात गेले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. तिच्यातील मर्म मात्र सहसा सांगितले जात नाही. गाडीच्या खिडकीतून त्या टेकड्या त्यांच्याआधी हजारो प्रवाशांनी पाहिल्या असतील. डोंगराच्या बाह्यरेषेवरून त्याच्या पोटातील आसरा ताडणारी नजर ही आकाराची सवय असलेल्या माणसाची, म्हणजे चित्रकाराची नजर होती.

वाकणकरांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे मराठी कुटुंबात झाला. चित्रकलेचे शिक्षण घेतलेला हा तरुण माळव्याच्या नद्या, टेकाडे आणि पडकी देवळे पालथी घालीत पुरातत्त्वाकडे वळला. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी. तेथील ‘भारती कलाभवन’ या त्यांच्या संस्थेत विद्यार्थी चित्रकला शिकत आणि विक्रम विद्यापीठाच्या वतीने त्यांची उत्खनने चालत. उज्जैनजवळील कायथा येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा शोध त्यांनी १९६४ मध्ये लावला. १९६० नंतरच्या काळात फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते फ्रान्समध्ये राहिले. १९७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतातील चित्रित शैलाश्रयांवर प्रबंध सादर केला. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रॉबर्ट ब्रूक्स यांच्यासह लिहिलेला भारतातील अश्मयुगीन चित्रांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७६ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. युनेस्कोने २००३ मध्ये भीमबेटकाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तो पाहण्यास ते नव्हते.

एवढा वृत्तान्त सर्वत्र मिळतो. त्यात चित्रकार कोठे आहे? बहुतेक चरित्रकार एका वाक्यात सांगतात की ते उत्तम चित्रेही काढीत. जणू चित्रकला हा त्यांचा फावल्या वेळेचा उद्योग होता! आमच्या मते वस्तुस्थिती याच्या उलट आहे. शैलचित्रांच्या अभ्यासात त्यांनी जे मिळवले ते हातात पेन्सिल होती म्हणून मिळवले, आणि त्यांच्या चित्रकलेचे सर्वोत्तम फळ म्हणून त्यांच्या शैलचित्रांच्या अनुकृतींकडेच बोट दाखवावे लागेल.

‘अनुकृती’ हा शब्द आमच्या समीक्षेत हलका मानला जातो. नकलेला कलेचा दर्जा नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो. परंतु भारतीय आधुनिक कलेचा इतिहास अनुकृतींना वगळून लिहिताच येत नाही. अजिंठ्याची चित्रे रॉबर्ट गिलने १८४४ नंतर वर्षानुवर्षे राबून उतरवली आणि त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या स्फटिकमहालाच्या आगीत जळाली. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून तेथे बसले. त्यांच्या श्रमाचाही मोठा भाग १८८५ च्या दुसऱ्या आगीने नेला. पुढे १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांसारखे तरुण गेले, आणि अजिंठ्याची रेषा बंगालच्या नव्या चित्रकलेत उतरली. आमच्या माळव्यातील बाघ येथील लेण्यांच्या अनुकृती ग्वाल्हेर संस्थानाने १९२१ च्या सुमारास करवून घेतल्या. त्या संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे हे मराठी गृहस्थ होते, आणि नंदलाल, हालदार व सुरेंद्रनाथ कर हे अनुकृतिकारांत होते. बाघची मूळ चित्रे आज बव्हंशी नष्ट झाली आहेत. इजिप्तमध्येही नीना डेव्हिस यांनी थीब्जच्या थडग्यांतील चित्रे रंगांत उतरवण्यात आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. त्यांच्या निवडक अनुकृतींचा संग्रह १९३६ मध्ये निघाला. मूळ पुसले आणि अनुकृतीच साक्षीदार उरली, असे इतक्या वेळा घडले आहे की तिला केवळ नक्कल म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तरीही अजिंठा, बाघ किंवा थीब्ज येथील अनुकृतिकाराचे काम आणि वाकणकरांचे काम यांत मूलभूत अंतर आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर एका काळाच्या कलावंतांनी ठरवून रचलेले चित्र आहे. जातककथा माहीत असली की कोणती आकृती कोणाकडे पाहते हे कळते. भीमबेटकाची भिंत तशी नाही. ज्या शिळेला आज ‘प्राणिसंग्रहालय’ असे टोपणनाव पडले आहे तिच्यासमोर उभे राहावे. गवा, चितळ, सांबर, हत्ती यांच्या आकृती एकमेकींत शिरल्या आहेत. एका युगातील माणसाने काढलेल्या जनावरावर दुसऱ्या युगातील माणसाने आपले जनावर काढले, आणि त्यावर कधीतरी ऐतिहासिक काळात ढाल-तलवारीचे वीर आणि घोडेस्वार येऊन गेले. कोणी पूर्वीचे पुसले नाही, कोणी पूर्वीच्यासाठी जागाही सोडली नाही.

येथे मराठी समीक्षेच्या एका परिचित सिद्धान्ताची परीक्षा होते. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील लेखांत कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत पाहिले. हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांची एखादी रांग घेतली तर हा सिद्धान्त तेथे सुंदर लागू पडतो. एकच वाक पुनःपुन्हा येतो, मधेच एक आकृती उलट झुकते आणि रांग तोल सावरते. पण लयीची ही तत्त्वे कलाकृतीला सीमा आहे असे गृहीत धरतात. भिंतीवर सीमाच नसेल, एका लयीवर दुसरी लय येऊन बसली असेल, तर ‘एक कलाकृती’ कोणती म्हणावयाची? भिंत स्वतः याचे उत्तर देत नाही. ते अनुकृतिकाराला द्यावे लागते. त्याने थर वेगळा काढला तर तो एक सीमा निर्माण करतो. सर्व थर एकत्र उतरवले तर काळाची गर्दी हाच चित्राचा विषय होतो. म्हणजे पेन्सिल टेकवण्यापूर्वीच त्याला समीक्षक व्हावे लागते.

वाकणकरांनी हे समीक्षकाचे काम केले. कोणती रेषा कोणत्या रेषेवरून गेली आहे हे पाहून त्यांनी थरांचा क्रम लावला, आणि रेषेच्या स्वभावावरून शैलींची प्रतवारी केली. मध्याश्मयुगीन म्हणून ओळखली जाणारी मोठी जनावरे, त्यांच्या अंगात भरलेल्या जाळ्या आणि नागमोडी रेघा, गाभण मादीच्या पोटातील पिल्लूसुद्धा दाखवणारी पारदर्शक दृष्टी, शेजारी काडीसारखी पण विलक्षण चपळ माणसे. नंतरच्या शेतकरी-पशुपालकांच्या काळातील अधिक आखीव, साचेबंद जनावरे. त्यानंतरचे घोडे, हत्ती आणि मिरवणुका. हा भेद ग्रंथात वाचून कळत नाही. तीच रेषा हाताने ओढून पाहिली म्हणजे कळतो. पाठीच्या कण्याची एकच लांब ओढ एका श्वासात मारणारा हात आणि तीच पाठ तीन तुकड्यांत जोडणारा हात हे दोन वेगळ्या माणसांचे, बहुधा दोन वेगळ्या काळांचे हात आहेत, हे चित्रकाराचे मनगट आधी ओळखते. बुद्धी मागून कारण शोधते. त्यांच्या प्रकाशित रेखांकनांत म्हणूनच एक संयम दिसतो. छायाप्रकाश नाही, शोभेसाठी घातलेला जोर नाही. मूळ रेषा जेथे जाड होते तेथे जाड, जेथे रंग संपत आल्याने फाटते तेथे फाटलेली. स्वतःची शैली इतकी बाजूला ठेवता येणे ही शैलीदार चित्रे काढण्याहून कठीण गोष्ट आहे. हनैन यांनी पाषाणाचा कायदा पाळला, तसा वाकणकरांनी अनामिक हाताचा कायदा पाळला.

नजरेच्या या शिस्तीचे मोल अलीकडच्या एका प्रसंगाने लक्षात येईल. भीमबेटकाच्या मोठ्या गुहेच्या छताशी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ‘डिकिन्सोनिया’ या जीवाचा ठसा सापडल्याचे २०२१ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले आणि त्याची वार्ता जगभर गेली. २०२३ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी पुन्हा जाऊन बारकाईने पाहिले, तेव्हा तो झडून गेलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा डाग निघाला. मूळ शास्त्रज्ञांनी चूक मान्य केली, हे त्यांना भूषणावह आहे. छायाचित्राने जे चकवले ते दुसऱ्या भेटीने उलगडले. अनुकृतिकार एकाच भिंतीसमोर अनेक दिवस बसतो. त्याच्या वाट्याला दुसरी, तिसरी, दहावी भेट आपोआप येते. आज संगणकाने फिकट रंग उठावदार करता येतात, आणि नोंदीसाठी हाताने चित्र उतरवण्याची गरज उरली नाही असे म्हणता येईल. पण नोंद आणि आकलन या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वाकणकरांच्या मर्यादा सांगितल्याखेरीज हे विवेचन प्रामाणिक होणार नाही. पहिली मर्यादा अशी की त्यांची नजर जितकी संयमी होती तितके त्यांचे अनुमान नेहमीच नव्हते. हिरव्या रंगातील काही चित्रे त्यांनी पुराश्मयुगापर्यंत मागे नेली. ते सर्व अभ्यासकांना मान्य झाले नाही. यशोधर मठपाल हे कुमाऊँचे चित्रकार डेक्कन कॉलेजचेच संशोधक होते. त्यांनी भीमबेटकाची चित्रे जलरंगांत एकेक करून उतरवली आणि १९८४ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे प्रतिपादन वाकणकरांहून अधिक सावध आहे. एकाच भिंतीसमोर दोन चित्रकार बसले आणि दोन निष्कर्षांवर आले, यात अनुकृतीच्या पद्धतीचा पराभव नाही. तिच्यातही वाचन असते आणि म्हणून मतभेद असू शकतो, याचाच तो पुरावा आहे.

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी आणि पुढे संस्कार भारतीशी वाकणकरांचे निकटचे नाते होते; १९८५ मध्ये लुप्त सरस्वतीच्या शोधयात्रेचे नेतृत्व त्यांनी केले. भारतीय संस्कृती अखंड आहे, हा त्यांचा आयुष्यभराचा विश्वास होता. माणसाला विश्वास असावा. त्याविना कोणी चाळीस वर्षे काटेकुटे तुडवीत नाही. पण भीमबेटकाची भिंत अखंडतेची साक्ष देते की थराथरांमधील तुटलेपणाची, हा प्रश्न त्या विश्वासाने सुटत नाही. समीक्षकाने येथे त्यांच्या प्रतिपादनापेक्षा त्यांच्या रेखांकनांवर अधिक भरवसा ठेवावा. ज्या रेषा एकमेकींना ओळखत नाहीत त्या त्यांनी एकमेकींना न ओळखणाऱ्या म्हणूनच उतरवल्या आहेत. त्यांचा हात त्यांच्या मतांपेक्षा अधिक निःपक्षपाती होता, आणि कलावंताचा याहून मोठा गौरव कोणता?

तिसरी मर्यादा शुद्ध कलेची आहे. प्राचीनांपासून घेतलेल्या शिस्तीतून हनैन यांनी स्वतःचा पक्षी घडवला. तो कोणत्याही थडग्यात नव्हता. वाकणकरांच्या स्वतंत्र चित्रांविषयी तसे म्हणता येत नाही. त्यांनी व्यक्तिचित्रे, निसर्गदृश्ये, प्रसंगचित्रे पुष्कळ काढली. पण शैलचित्रांत कमावलेली रेषा घेऊन त्यांनी एक नवे चित्रविश्व उभे केले, असा दावा त्यांच्या भक्तांनीही करू नये. ते शिष्य राहिले. गुरूच्या पुढे एक पाऊल टाकण्यासाठी लागणारा निर्दयपणा आणि कदाचित सवडही त्यांना नव्हती. एका माणसाने टेकड्या शोधाव्या, उत्खनने करावी, प्रबंध लिहावा, विद्यार्थी घडवावे आणि शिवाय हनैनही व्हावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तरी उणीव ती उणीवच.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे परत यावयाचे. हा वारसा कोणाचा? हा प्रश्न आम्हां मध्यप्रदेशातील मराठी भाषिकांना विशेष लागू आहे. होळकर, शिंदे, पवार यांच्याबरोबर आमचे पूर्वज अठराव्या शतकात या भूमीत आले. महेश्वरचा घाट किंवा ग्वाल्हेरची गायकी यांना आपले म्हणताना आम्हांला संकोच वाटत नाही, कारण तेथे आमच्या भाषेची आणि आमच्या घराण्यांची खूण आहे. भीमबेटकाला तशी कोणतीच खूण नाही. रक्ताच्या हिशेबाने त्या चित्रकारांशी नाते सांगण्याचा अधिकार नीमचच्या वाकणकरांना नव्हता, आणि आपल्यापैकी कोणालाही नाही. शिवाय ‘शोध’ या शब्दाचाही नीट हिशेब ठेवला पाहिजे. १८८८ च्या उल्लेखाला माहिती पुरवली ती जवळच्या आदिवासींनी. म्हणजे टेकडी कधी हरवलेली नव्हतीच. भिंतीवर चित्र काढण्याची रीत विंध्य-सातपुड्याच्या गावांतून आजही जिवंत आहे. त्याच परिसरातील परधान गोंड जनगढसिंह श्याम १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनात आले आणि त्यांनी कागदावर व भिंतीवर जे उभे केले ते साऱ्या जगाने पाहिले. वाकणकरांच्या हक्काने जनगढांचा हक्क कमी होत नाही, आणि जनगढांच्या चित्रांनी शैलचित्रांचा अर्थ आपोआप उलगडतो असेही नाही.

मग वाकणकरांचा हक्क कोणता? ज्याने नाव दिले त्याचा हक्क नावापुरता. १८८८ च्या अधिकाऱ्याचा हक्क अनुमानापुरता. वाकणकर त्या भिंतीसमोर बसले आणि ज्याचे नाव, भाषा, देव, काहीच ठाऊक नाही अशा माणसाच्या हाताची ओढ त्यांनी आपल्या हाताने पुन्हा ओढली. तेवढ्या वेळापुरते ते त्याचे वंशज झाले. वारसा मिळवण्याची ही एकच रीत अशी आहे की जिच्यात दुसऱ्या कोणाला बेदखल करावे लागत नाही. आदम हनैन यांनी स्फिंक्सच्या झिजलेल्या अंगावर जे केले त्याचीच ही दुसरी बाजू होय.

याचा आपल्या शाळा-महाविद्यालयांशी संबंध आहे, म्हणून शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. भोपाळमधील शिक्षकांना भीमबेटकापर्यंत जाण्याचीही गरज नाही. शहरातील श्यामला टेकडीवर, मानव संग्रहालयाच्या आवारातच चित्रित शैलाश्रय आहेत. दरवर्षी तेथे सहली जातात; मुले छायाचित्रे काढतात, डबा खातात आणि परत येतात. एखाद्या वर्षी मराठीच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी मिळून मुलांच्या हाती कागद आणि पेन्सिल द्यावी आणि एकच आकृती, एकच हरीण, तासभर पाहून उतरवावयास सांगावे. चित्रे वाईट येतील. पण ‘रेषा’, ‘लय’, ‘अनुकृती’ हे जे शब्द आम्ही फळ्यावर लिहून समजावू पाहतो, त्यांचा अर्थ त्या तासानंतर निराळ्या रीतीने शिकवता येईल. आणि वाकणकरांची रेखांकने पुरातत्त्वाच्या ग्रंथांना जोडलेल्या पुरवण्या म्हणून न पाहता चित्रे म्हणून पाहणारे चार डोळेही त्यातून तयार होतील.